ट्यूब की ट्यूबलेस? आधी रिम बघा

पत्र असं आहे:

“नमस्कार. आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, आहे. वडिलांनी नवी घेतलेली. आजही ‘गाडी’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच असते. माझ्या गाडीचा उल्लेख ‘तुझं ते’ असा होतो. सोसायटीच्या आवारात ती झाकून उभी असते, महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघते. यंदा गणपतीला तिच्यातूनच गुहागरला जायचं, असं वडिलांनी (वय ७९) जाहीर केलंय. टायर मात्र बाजूने तडकलेत. टायरवाला म्हणतो, ‘आता ट्यूब कोण टाकतं साहेब? ट्यूबलेस टाका, टेन्शन फ्री.’ वडील म्हणतात, ‘फियाटला ट्यूबच. ट्यूबशिवाय टायर म्हणजे पंपाशिवाय स्टोव्ह.’ घरात दोन पक्ष पडलेत. आई तटस्थ आहे. निकाल तुम्ही द्या. – एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)”

नमस्कार.

निकाल आधीच देतो, म्हणजे तुमच्या घरी चहा तरी सुखाने होईल. टायर रेडियल घ्या, ट्यूबलेस जातीचे घ्या, आणि चार नाही, पाच घ्या. आत ट्यूब घालायची की नाही हे तुम्हीही ठरवायचं नाही, वडिलांनीही नाही आणि टायरवाल्याने तर नाहीच. ते रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते चाकाचं लोखंडी कडं, ठरवेल. गाडीचं वय बघता माझा अंदाज असा की ट्यूब घालावी लागेल. म्हणजे वडील जिंकले, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

आता रिमकडे वळू. टायरवाल्याच्या दुकानात तुम्हाला टायर दाखवतात, नक्षी दाखवतात, कंपनीचं नाव दाखवतात. रिम कोणी दाखवत नाही, कारण रिम विकायचा नसतो. पण ट्यूबलेस म्हणजे नुसता टायर नव्हे. टायर आणि रिम मिळून एक बंद डबा होतो आणि हवा त्या डब्यात राहते. टायर हा त्या डब्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा तुमच्या गाडीखाली गेली चाळीस वर्षं पार्ल्याच्या दमट हवेत गंजत उभा आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक चाक उतरवून टायर सोडवून घ्या आणि नुसत्या रिमवरून बोट फिरवा. बाहेरच्या कडेपासून आत यायला लागलात की आधी एक सपाट पट्टा लागतो. टायरची तारेची कडा, म्हणजे बीड, तिथे बसते. त्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला, रिम मधल्या खोलगट भागात उतरायच्या आधी, बोटाला एक बारीक उंचवटा लागतो का? चपातीची कड जरा जाड राहिली की लागते ना, तितपतच. गोल, सगळीकडून, अखंड. त्याला हंप म्हणतात. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमवर तो असतो आणि पुष्कळदा रिमवरच्या मापापुढे ‘एच’ किंवा ‘एच२’ असं ठोकलेलंही असतं. त्याचं काम एकच, हवा कमी झाली आणि तुम्ही जोरात वळण घेतलंत तरी बीड घसरून मधल्या खोलगट भागात पडू द्यायची नाही. आत ट्यूब असेल तर ती बीडला आतून दाबून धरते, शिवाय हवेची सगळी जबाबदारी तिच्यावर असते, बीड आणि रिमच्या सांध्यावर नसते. ट्यूब नसेल आणि हंपही नसेल, तर बीड घसरली की हवा एका श्वासात जाते. तीही नेमकी वळणावर.

दुसरी गोष्ट रिमच्या जोडाची. मधली तबकडी बाहेरच्या कड्याला वेल्डिंगने जोडलेली आहे की रिव्हेट मारून? जुन्या काही गाड्यांच्या चाकांना रिव्हेट असतात. रिव्हेटच्या भोकांतून हवा पाझरते. स्पोकच्या चाकांचंही तेच, पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

तिसरी गोष्ट गंज, आणि मुंबईत तीच सगळ्यात मोठी. बीड जिथे बसते तो पट्टा खरबरीत झालेला असेल, पापुद्रे सुटत असतील, तर हंप असूनही उपयोग नाही. गंजाच्या खाचांतून हवा रोज थोडी थोडी निसटते. टायरवाले अशा वेळी कडेला काळं चिकट सीलर फासून देतात. थोड्या गंजाला ते चालतं. पापुद्रे निघत असतील तर रिम सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज उडवायला) द्या, तडे तपासून घ्या आणि मग रंग किंवा पावडर कोटिंग करा. नुसत्या चंदेरी स्प्रेने काम भागलं असं समजू नका. तो गंज झाकतो, थांबवत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याही जुन्या फियाटला एका दुकानदाराने मोठ्या उत्साहाने ट्यूबलेस चढवून दिले होते. रिम त्याने बघितला नाही, मीही बघितला नाही. पहिले काही आठवडे दर रविवारी एका चाकात आठ-दहा पौंड हवा कमी भरायची. मला वाटायचं व्हॉल्व्ह गळतोय. व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा तेच. मग एकदा पावसात सायनच्या सर्कलला वळताना पुढचं डावं चाक फस्सकन बसलं. वेग रिक्षाइतका होता म्हणून निभावलं. चाक खोललं तर टायरला ना खिळा, ना भोक. बीड आत उतरलेली. रिम हंपशिवायचा होता, वर कडेला गंजाची रांगोळी. त्या दिवसापासून टायर बघायच्या आधी मी रिम बघतो.

आता ट्यूब आणि ट्यूबलेस यांत रस्त्यावर फरक काय पडतो ते समजून घ्या, कारण वडिलांशी वाद घालायचाच तर नीट घाला.

ट्यूबच्या टायरला खिळा लागला की तो टायर भेदून ट्यूबला भोक पाडतो. ट्यूब ताणलेल्या फुग्यासारखी, त्यामुळे भोक फाटून मोठं होतं, आणि ट्यूबमधून निसटलेली हवा रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकातून सरळ बाहेर जाते. काही सेकंदांत चाक बसतं. ट्यूबलेसमध्ये आतल्या बाजूला हवा न जाऊ देणाऱ्या रबराचा एक थर लावलेला असतो. खिळा घुसला तरी तो थर आणि भोवतालचं रबर त्याला आवळून धरतं आणि हवा हळूहळू निसटते. पुष्कळदा घरी पोचल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतं. हायवेवर हा फरक जिवाचा आहे, आणि टायरवाल्याचं ‘टेन्शन फ्री’ इतपत खरं आहे.

मग टॅक्सीवाले वर्षानुवर्षं ट्यूबच का घालत होते? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून गेली. ज्यांची रोजची भाकरी त्या गाडीवर होती त्यांचा हिशोब साधा होता. ट्यूबचं पंक्चर कुठल्याही नाक्यावर निघतं. घमेलंभर पाणी, बुडबुडे, कानस, सोल्युशन, पॅच, संपलं. खड्ड्यात आपटून रिमची कडा जरा वाकली तरी ट्यूबला फरक पडत नाही, हातोड्याने ठोकून सरळ करायची आणि पुढे निघायचं. ट्यूबलेसमध्ये मात्र वाकलेली कडा म्हणजे गळका डबा. वडील कदाचित याच अनुभवातून बोलत असतील. ते चुकीचं नाही. पण खड्ड्यात ट्यूबही चावते. टायर चेपून ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणजे खड्डा दोघांनाही सोडत नाही, फक्त बिल वेगळं येतं.

समजा, तुमच्या रिमला हंप आहे, जोड वेल्डिंगचा आहे आणि बसायची जागा साफ आहे. मग डोळे मिटून ट्यूब विसरा. नवे रबरी व्हॉल्व्ह घाला, रिमच्या भोकाच्या मापाचे. साध्या गाड्यांच्या रिमला हे भोक बहुधा ११.३ मिलिमीटरचं असतं, पण मोठ्या भोकाचे रिमही असतात. मोठ्या भोकात लहान व्हॉल्व्ह कोंबून सीलर लावणारे कारागीर मी पाहिलेत. तसं करू देऊ नका. टायर चढल्यावर दोन्ही कडांना, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि रिमच्या जोडावर साबणाचं पाणी मारून पाच मिनिटं बघत उभे राहा. बुडबुडे आले नाहीत तर घरी या.

आणि समजा हंप नाही. तर त्याच ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची. “ट्यूबलेसमध्ये ट्यूब? हसतील लोक.” हसू देत. पण हे काम नीट न केल्यास खरंच हसण्यासारखं होतं, तेव्हा यावर जरा वेळ देतो.

ट्यूबलेस टायर आतून ट्यूबसाठी केलेला नसतो. आत कधी कागदी स्टिकर असतात, कधी रबराच्या बारीक धारा किंवा केस. गाडी चालताना ट्यूब आणि टायर एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात. स्टिकरची कडाही महिन्या-दोन महिन्यांत ट्यूबला भोक पाडते. म्हणून टायर घेताना आत हात फिरवा, गुळगुळीत आहे का बघा, स्टिकर सोलून काढा, खरबरीत जागा घासून घ्या. कंपनी त्या टायरात ट्यूब घालायला परवानगी देते का, तेही दुकानात आधी विचारा. ट्यूब नवी घ्या, रेडियलची म्हणून असलेली, मापाला बरोबर. जुनी ताणलेली ट्यूब ‘अजून चांगली आहे’ म्हणून परत घातली की तिला टायरमध्ये घडी पडते आणि घडीवर ती फाटते. आत पावडर मारून घ्या. जुने पंक्चरवाले हे न सांगता करायचे, नवे विसरतात. थोडी हवा भरून ट्यूब नीट बसू द्या, मग हवा पूर्ण काढा, पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात आलेली घडी दुसऱ्या भरण्यात सुटते.

शेवटी व्हॉल्व्ह. चाकातून तो सरळ बाहेर आला पाहिजे, मान वाकडी नको. वाकडा असेल तर ट्यूब आतून ओढली जातेय. कमी हवेवर गाडी चालवून जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो, आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटते. अशी फाटलेली ट्यूब पॅचने सुधारत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करून टाका: ट्यूब घातली की ट्यूबलेसचा ‘हळू हवा जाते’ हा गुण गेला. खिळा लागला तर चाक ट्यूबच्या टायरसारखंच बसणार. मग ट्यूबलेस जातीचा टायर घ्यायचाच कशाला? कारण तुमच्या मापाच्या जवळपासचे, ताजे, चांगले रेडियल आज त्याच जातीत मिळतात. माझ्या मते या साऱ्या वादात सगळ्यात महत्त्वाचा शब्द ट्यूब नव्हे, रेडियल आहे. तुमच्या पत्रात तो एकदाही आलेला नाही.

मूळ पद्मिनीला ५.२०-१४ मापाचे नायलॉन टायर यायचे. म्हणजे ५.२० इंच रुंद, १४ इंची रिमवर. आपल्याकडे नायलॉन म्हणतात ते आडव्या-तिडव्या विणीचे टायर, बाजूची भिंत आणि माथा एकाच विणीचे. रेडियलमध्ये बाजूच्या दोऱ्या काटकोनात आणि माथ्याखाली वेगळा घट्ट पट्टा, बहुतेकदा पोलादाचा. बाजू लवचीक, माथा सपाट. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलात की फरक कळतो, विशेषतः चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत. आणि वडिलांना विचारा, सकाळी गाडी काढल्यावर पहिले दोन किलोमीटर धड-धड-धड व्हायचं ते आठवतं का? ते इंजिन नव्हे. नायलॉनच्या दोऱ्या रात्रभर एकाच जागी दबून टायरला सपाट डाग पाडायच्या, गरम झाल्यावर तो जायचा. रेडियलवर ते फारसं होत नाही. त्या धडधडीची वडिलांना आठवण येईल, तयारी ठेवा.

बदल्यात काही सोसावंही लागेल. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. रेडियल घातल्यावर उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड वाटेल आणि सोसायटीच्या गेटातून पार्किंगमध्ये घेताना वडिलांच्या खांद्याला ते जाणवेल. पुस्तकातला हवेचा आकडा नायलॉनसाठी लिहिलेला आहे. रेडियलला साधारण थोडी जास्त लागते. मी माझ्या गाडीत २६ पौंडांपासून सुरुवात केली आणि महिनाभर टायरची झीज बघत राहिलो. मधोमध झीज दिसली तर हवा कमी करायची, दोन्ही कडा झिजल्या तर वाढवायची. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत झुकवण्याचं माप, तेही पुन्हा करून घ्या, रेडियलला नायलॉनपेक्षा कमी लागतो. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: पुढे रेडियल, मागे नायलॉन. “पुढचे दोनच बदलू, मागचे अजून चालतील” हा मराठी माणसाचा आवडता हिशोब आहे. ओल्या वळणावर मागचे टायर आधी सुटतात आणि गाडी गिरकी घेते. बदलायचे तर चारही.

माप कुठलं? नाक्यावरचे टायरवाले तुम्हाला १७५/६५ आर १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिम) सुचवतील, कारण ते आत पडलेले असतात. नको. त्या टायरला किमान पाच इंच रुंद रिम लागतो, आणि जुन्या फियाटचे रिम अरुंद असतात. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत टेप लावून मोजा. वर तो टायर बुटका. पूर्ण व्यास ५८३ मिलिमीटर भरतो, म्हणजे गाडी खाली बसते, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि चाकाच्या कमानीत रिकामी फट दिसते, बापाचा शर्ट घातलेल्या पोरासारखी. त्यापेक्षा १६५/८० आर १४ बघा. स्विफ्ट-डिझायरच्या साध्या मॉडेलांना हेच माप आलं, म्हणून ते सहज आणि ताजं मिळतं. व्यास ६२० मिलिमीटर, मूळ टायरच्या जवळपास. याच मापाला ८५ हा भार-आकडा असलेला टायर प्रत्येकी ५१५ किलो पेलतो. पद्मिनीला पाच माणसं, मोदकांचं सामान आणि गणपतीचं मखर घातलं तरी पुरून उरेल. पण मूळ टायर ५.२० इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर रुंद होता, आणि हा ३३ मिलिमीटरने रुंद आहे. म्हणून चारही विकत घ्यायच्या आधी एक चढवून पुढे लावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. मग मागे लावून मागच्या सीटवर तिघांना बसवा आणि कमानीशी बोट घालून बघा. घासत असेल तर १५५/८० आर १४ शोधा. व्यास ६०४, स्टिअरिंगही हलकं राहील.

आता तारीख. टायरच्या बाजूवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे. ते वाचून दुकानातून शांतपणे बाहेर पडा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात जुन्या मापाचा ‘नवा कोरा’ टायर सापडला की जुन्या गाडीवाल्यांचे डोळे पाणावतात. नक्षी कोरी, नाकाला वास नवा, आणि वय बारा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. सहा वर्षांपुढे दरवर्षी तपासायचं, दहानंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढून टाकायचं. तुमचे टायर बाजूने तडकलेत म्हणता, तर त्यांची तारीख वाचायचीही गरज नाही. त्यांच्यावर गुहागर सोडा, पार्ल्याच्या मार्केटलाही जाऊ नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. तडक्याला कायद्यात मिलिमीटर नाही, तिथे अक्कल लागते.

पाचवा टायर म्हणजे स्टेपनी. हा शब्द आपण घरचा असल्यासारखा वापरतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी सुटं चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हाच्या गाड्या जादा चाकाशिवाय यायच्या. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा तिथेच पोचलोय. २०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं सामान असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. तुमच्या पद्मिनीला ती सवलत नको. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तारीख बघा. माझा अनुभव असा की जुन्या गाडीत सगळ्यात म्हातारा टायर डिकीत लपलेला असतो. एका जुलैत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या पुढे ट्यूब फुटली, मी भर पावसात मोठ्या ऐटीत स्टेपनी लावली, आणि जॅक खाली घेतला तशी स्टेपनीही खाली गेली. बायको काही बोलली नाही. त्यामुळे जास्त लागलं.

गुहागरच्या वाटेबद्दल थोडं, कारण तारीख ठरलेली दिसते. टायर निदान पंधरवडा आधी बसवा. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर मुंबईतच हाका. नवा टायर सुरुवातीला जरा गुळगुळीत असतो, आणि गळती असेल तर ती माणगावच्या आधी कळलेली बरी. रोज सकाळी गाडी थंड असताना हवा मोजा आणि वहीत लिहा. हे काम वडिलांना द्या, ते आनंदाने करतील. चार चाकांत एकच चाक सारखं उतरत असेल तर प्रश्न त्या रिमचा किंवा ट्यूबचा आहे. चारही थोडी थोडी उतरत असतील तर काळजी नको. सोबत एक नवी जादा ट्यूब ठेवा, ट्यूबवर जात असाल तर. पंक्चरवाला पळस्पे ते चिपळूण सगळीकडे भेटेल, तुमच्या मापाची ट्यूब भेटेलच असं नाही. ट्यूबलेसवर जात असाल तर स्ट्रिपचं (बाहेरून भोकात कोंबायच्या चिकट रबरी पट्टीचं) किट आणि बॅटरीवर चालणारा पंप घ्या. स्ट्रिप फक्त माथ्यातल्या भोकाला चालते. बाजूच्या भिंतीला भोक पडलं की टायर गेला, तिथे स्ट्रिप मारून देणाऱ्यापासून लांब राहा. स्ट्रिपवर मुंबई गाठा, मग टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात शिरणारा देठ असलेला पॅच) करून घ्या. आणि निघण्याआधी आवारातच एकदा जॅक लावून बघा. चाळीस वर्षांच्या गाडीत जॅकची जागा सडलेली असेल तर चाक वर उचलण्याऐवजी जॅकच गाडीत शिरतो, आणि कशेडीच्या बोगद्याबाहेर पावसात हे कळून उपयोग नाही.

एरवी गाडी झाकून उभी असते म्हणता. हवा दोन-तीन पौंड जास्त ठेवा आणि पंधरा दिवसांनी गाडी अर्धं चाक पुढे ढकला, म्हणजे एकाच जागी भार राहणार नाही. कव्हर जमिनीपर्यंत ओढू नका. खाली वारा खेळला नाही की ओल अडकते आणि आधी रिम खाते.

राहता राहिले वडील. टायरवाल्याकडे चाकं एकटे नेऊ नका, त्यांना बरोबर न्या. दुकानात त्यांना खुर्ची द्यायला सांगा आणि टायर सोडवलेला पहिला रिम त्यांच्या हातात द्या. हंप आहे की नाही हे त्यांच्या बोटांनाच कळू दे. ट्यूब घालायची वेळ आली तर व्हॉल्व्ह सरळ आलाय की नाही, हे तुम्ही आणि तो दुकानदार मिळून जेवढं बघाल त्यापेक्षा ते एकटे जास्त नीट बघतील.